नेदरकोटचा कुड

"गाडीतून उतरायचं नाही," मी आईला तिसऱ्यांदा बजावलं. "तासाभरात येते. थर्मासमध्ये चहा आहे, पिशवीत चिवडा आहे."

"बरं," आई म्हणाली.

माझ्या आईच्या 'बरं'चा अर्थ 'हो' असा कधीच नव्हता. मुरबाडजवळच्या आमच्या गावात सरपंचापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ती 'बरं' म्हणायची आणि मग तिला हवं तेच करायची. हे मला एकतीस वर्षं माहीत होतं. तरी मी फाइल उचलली आणि नेदरकोटच्या अंगणात उतरले, कारण आत मला एक वाईट बातमी सांगायची होती आणि ती उरकून टाकायची होती.

ही एक्क्याण्णव सालच्या मे महिन्यातली गोष्ट. वेल्सच्या सीमेलगतच्या एका परगण्यात मी जुन्या घरांच्या खात्यात नोकरीला होते. तिकडे एखादं घर जुनं म्हणून सरकारी यादीत चढलं की मालकाला त्यात खिळासुद्धा मनाने ठोकता येत नाही. आधी आमच्यासारखं कुणीतरी जाऊन कुठली भिंत कधीची ते ठरवतं, मग परवानगी मिळते किंवा मिळत नाही. आर्किटेक्ट होऊन मुंबईहून गेलेल्या मला हे काम आवडायचं. आई त्या वर्षी दोन महिने माझ्याकडे आली होती. फ्लॅटमध्ये दिवसभर बंद दाराआड बसणं तिला जमेना. तिसऱ्या दिवशी तिने अख्ख्या इमारतीचा जिना धुऊन काढला आणि खालच्या मजल्यावरची म्हातारी त्यावरून घसरता घसरता वाचली. तेव्हापासून मी तिला नियमाबाहेर गाडीत घालून कामावर न्यायला लागले.

नेदरकोट रस्त्यावरून पाहिलं तर लाल विटांचं, सरळ खिडक्यांचं, इस्त्री केल्यासारखं घर. मागे वळून गेलं की काळेभोर ओकचे खांब, मधे पांढरे खण आणि सगळं थोडं डावीकडे कललेलं. पुढून साहेब, मागून शेतकरी. विटांचा दर्शनी भाग कुणा हौशी पूर्वजाने दीडेकशे वर्षांपूर्वी चिकटवला होता. खरं घर त्याच्या मागचं, चारशे वर्षांचं. सुरुवातीला ती एकच उंच खोली होती. जमिनीवर मधोमध विस्तव पेटायचा आणि धूर छपरातून वाट काढायचा. त्या धुराची काजळी माळ्यावरच्या वाशांवर मी स्वतः बोट फिरवून पाहिली होती. पुढे कुणीतरी मोठी चिमणी बांधली. धूर गेला, म्हणून मग वर मजला घालता आला. मजला आला, म्हणून चिमणीच्या कुशीत गोल, अरुंद जिना आला.

सगळं दुखणं त्या जिन्याचंच होतं. घराची मालकीण मिसेस प्रीस, तिच्या दोन्ही खुब्यांनी दगा दिला होता. चौदा पायऱ्या. रोज संध्याकाळी शहात्तर वर्षांचे आर्थर प्रीस बायकोला पाठुंगळी घेऊन वर चढायचे आणि सकाळी खाली आणायचे. फेब्रुवारीत दोघं मिळून नवव्या पायरीवरून खाली आले. त्यानंतर बर्मिंगहॅमच्या मुलाने आईसाठी वृद्धाश्रमातली खोली बघून ठेवली.

स्वयंपाकघराच्या टोकाला, भिंतीपलीकडे, दुधाची जुनी खोली होती. आता दूध टँकरने जायचं, त्यामुळे ती रिकामीच पडलेली. फरशी, पाणी, मोरी, सगळं होतं. तिथे पलंग टाकला की प्रश्न मिटला असता. अडचण एकच, तिथे जायला अंगणातून वळसा पडायचा. हिमात, पावसात, चालायच्या घोडीवर भार टाकत मिसेस प्रीसने झोपायला अंगणातून जायचं, हे कुणालाच पटण्यासारखं नव्हतं.

"एक दार," आर्थरनी अर्जात लिहिलं होतं. "अडीच फुटांचं. बाकी काही नको."

ती भिंत नंतरची असती तर मी डोळे मिटून होकार दिला असता. पण ती नंतरची नव्हती. तिच्या खांबांवर मूळ सुतारांनी छिन्नीने रोमन आकडे कोरले होते, एक, दोन, तीन, चार, पाच. घर जोडताना घोळ होऊ नये म्हणून ते सुतार असं करत, आपलेही करतात. आकडे ओळीने लागत होते. म्हणजे भिंत घराइतकीच जुनी, जशीच्या तशी, अखंड. अशी भिंत फोडायला आमचं खातं परवानगी देत नसे. शुक्रवारी पत्र जाणार होतं. गुरुवारी माझे वरिष्ठ मिस्टर हॅलम येऊन सही करणार होते. आणि आज बुधवार होता.

"म्हणजे नाही," आर्थर म्हणाले. ते शेगडीजवळ उभे होते, टोपी हातात.

"मला वाईट वाटतं, मिस्टर प्रीस."

"वाटत असेल. तुम्ही चांगल्या आहात."

खुर्चीतल्या मिसेस प्रीस म्हणाल्या, "बावन्न वर्षं या घरात झोपले. भिंतीला चारशे वर्षं झाली म्हणता ना? तिच्यापुढे माझी बावन्न म्हणजे कालची गोष्ट. तिचंच ऐकायला हवं." आणि त्या हसल्या. ते हसू मला अजिबात बघवलं नाही.

तेवढ्यात मागच्या दाराशी हालचाल झाली. दारात माझी आई. नऊवारीवर माझा जुना कोट, चपला बाहेर काढून ठेवलेल्या आणि अनवाणी पाय त्या गार दगडावर.

"आई, तुला सांगितलं होतं ना..."

"लघवीला जायचंय," आई म्हणाली. ते खोटं होतं, कारण मोरी कुठे आहे असं तिने विचारलंच नाही.

"या कोण?" मिसेस प्रीसनी विचारलं.

"माझी आई. माफ करा, मी तिला गाडीतच..."

"आर्थर, खुर्ची दे त्यांना," मिसेस प्रीस म्हणाल्या.

पण आईचं खुर्चीकडे लक्ष नव्हतं. पाहणीसाठी आर्थरनी मोठं कपाट भिंतीपासून ओढलं होतं आणि त्यामागे चुन्याचे पापुद्रे गळून आतली माती उघडी पडली होती. आई सरळ तिथे गेली.

"अगो," ती म्हणाली, "ह्यो तर कुड हाय."

कुडच होता. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कारवीच्या जागी हेझल नावाच्या झाडाच्या फोका, पण त्यावर तीच माती, तेच शेण, तोच चिरलेला पेंढा. मी अशाच कुडाच्या घरात वाढले. दर दिवाळीआधी आईबरोबर कोपरापर्यंत शेणात हात घालून तो सारवला. पण इंग्लंडमध्ये हे मी कुणालाही, कधीही सांगितलं नव्हतं. नोकरीच्या मुलाखतीत 'पारंपरिक बांधकामाचा अनुभव' एवढंच म्हणाले होते आणि समोरच्यांना वाटलं, मी किल्ल्यांबद्दल बोलतेय. मीही तसंच वाटू दिलं.

आई भिंतीवरून तळवा फिरवत चालली. तिच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट भात कापताना विळ्याने अर्ध्यावर गेलं होतं. तो हात खांब ओलांडून एका खणावरून दुसऱ्यावर जात होता. मला लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू. बाजारात कापडाचा पोत बघावा तशी ती सरकारी यादीतली भिंत चाचपत होती.

"आई, चल आता."

"थांब गो. ह्यो खण दुसऱ्या हाताचा हाय."

"असेल. डागडुजी होतच असते."

"डागडुजी ठिगळासारखी दिसते. ह्यो वरपासून खालपर्यंत अख्खा यगळा हाय. बाकीच्यांवर बोटांच्या कमानी हायेत, ह्यो फळीनं दाबलेला. आन् कडंनं सांधा बग, नख जातंय." ती उकिडवी बसली. खांब ज्या आडव्या ओंडक्यावर उभे होते त्यावरची धूळ तिने पदराने पुसली आणि त्यावर हात ठेवला. मग बराच वेळ काढलाच नाही.

"कुंदे," ती म्हणाली, "भिंतीखालचं लाकूड झिजतं का?"

"म्हणजे?"

"हितं खळगा पडलाय. ह्याच खणाखाली. बाकी लाकूड सपाट हाय. उंबरा झिजतो, भिंत कशाला झिजंल? हितनं माणसं जात-येत व्हती."

मी खाली बसले. आर्थरनी न विचारता विजेरी आणून दिली. लाकडात उथळ, गुळगुळीत खळगा होता, चांगला दीड इंच खोल, आणि तो बरोबर त्या एका खणाच्या मध्यावर होता. मी विजेरी वर नेली. तिसऱ्या आणि चौथ्या आकड्याच्या मधे एक खांब होता, त्यावर आकडाच नव्हता. ते मी आधीच पाहिलं होतं. फाइलमध्ये त्यापुढे माझ्या सुवाच्य अक्षरात नोंदही होती, 'आकडा झिजून गेला असावा.' आकडा झिजला नव्हता. तो खांब सुतारांचा नव्हताच. दार बुजवताना कुणीतरी मागाहून उभा केलेला होता.

माझे कान तापले. दोन पदव्या, पाच वर्षांची नोकरी, आणि उंबरा ओळखला कुणी, तर जिने आयुष्यभर रोज सकाळी उंबरा धुतला तिने.

"काय म्हणतायत त्या?" मिसेस प्रीसनी विचारलं.

"म्हणतेय," मी म्हणाले, "इथे दार होतं."

नवं दार फोडता येत नव्हतं. पण घराचंच, घराने स्वतः बुजवलेलं दार पुन्हा उघडायला नियमात जागा होती. आर्थर टेबलाशी बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. आई त्यांच्याकडे बघून मला म्हणाली, "म्हाताऱ्याला च्या दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकरच आम्ही नेदरकोटला पोचलो. दाराच्या वरच्या लाकडाची खाच दिसते का ते बघायला आर्थरनी खणाचा वरचा भाग हलकेच उकरला. खाच मिळाली. पण उकरताना दारावरच्या पट्ट्यातलं हातभर सारवण ढासळलं.

"हे असंच राहू दे," मी म्हणाले. "साहेब बघतील."

"कुड उघडा ठेवत नायत," आई म्हणाली आणि बादली घेऊन गोठ्यात गेली.

पुढचा तासभर मी निव्वळ दुभाषी होते. तळ्याकाठची माती आर्थरनी आणली. शेण आईने निवडलं आणि नाक मुरडलं. "लय पातळ. काय खायला घालतो गाईंना?" मी तर्जुमा केला. आर्थर गंभीरपणे म्हणाले की पशुवैद्याचंही तेच म्हणणं आहे. पेंढा कापायचं काम मिसेस प्रीसनी मागून घेतलं, खुर्चीत बसून, शिवणाच्या कात्रीने. आईने ते तुकडे पाहिले आणि आणखी बारीक असं बोटाने दाखवलं. मिसेस प्रीसनी मुकाट्याने पुन्हा कापले. मग आई स्टुलावर चढली आणि सारवू लागली. एकेक कमान, एकाला एक लागून. चार बोटांच्या रेघा, त्यातली एक आखूड.

मिस्टर हॅलम अकरा वाजता आले. ठरलेली वेळ साडेअकराची होती. बुटावर धुळीचा कण नाही, हातात फाइल. त्यांनी उंबरा पाहिला, खाच पाहिली, बिनआकड्याचा खांब पाहिला, आणि मी खात्यात आल्यापासून पहिल्यांदा माझ्या खांद्यावर थोपटलं.

"उत्तम. हे तुझ्या लक्षात कसं आलं?"

"हात फिरवून पाहिलं," मी म्हणाले.

मग त्यांचं लक्ष स्टुलाकडे गेलं. कोपरापर्यंत शेणमातीने माखलेली, नऊवारी खोचलेली माझी आई त्यांच्याकडे बघून हसत होती. ओळख करून देतील म्हणून वाट पाहणाऱ्या माणसासारखं.

"आणि या?"

मला नोकरीची भीती वाटली, असं मी नंतर कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. पाहणीच्या जागी घरचं माणूस आणायचं नाही, हा नियम होताच. पण ते कारण नव्हतं. ते खांद्यावरचं थोपटणं मला हवं होतं, आणि त्या शेणाशी माझं काही नातं आहे हे त्या माणसाला कळायला नको होतं.

"हेल्पर," मी म्हणाले. "मातीच्या कामाला आणलीय."

"छान. मिश्रण अगदी योग्य दिसतंय," मिस्टर हॅलम म्हणाले आणि फाइलकडे वळले.

मिसेस प्रीसची कात्री थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आईने शेवटची कमान पुरी केली आणि स्टुलावरून उतरून हात धुवायला अंगणात गेली.

फॉर्मवर 'पाहणीच्या वेळी उपस्थित' असा रकाना होता. त्यात मी तीन नावं लिहिली, हॅलम, प्रीस आणि भोईर, म्हणजे मी. दारावरचा पट्टा नव्याने सारवला, याची नोंदच केली नाही. ती केली असती तर कुणी सारवला हेही लिहावं लागलं असतं.

परत येताना आई बराच वेळ खिडकीबाहेरच्या मेंढ्या बघत होती. मग सहज विचारल्यासारखं म्हणाली, "हेल्पर म्हंजे आपल्या अंगणवाडीत ती यमुना हाय, तशीच ना?"

इंग्रजी येत नाही म्हणून मी गाफील राहिले होते. तो शब्द तिला माझ्याइतकाच येत होता.

"आई, तो नियमाचा भाग असतो. घरच्या माणसाला आणायची परवानगी नसते. मला तसं म्हणावंच लागलं."

"बरं," आई म्हणाली.

जूनमध्ये ती परत गेली. ऑगस्टमध्ये दार उघडलं. मिसेस प्रीस दुधाच्या खोलीत अकरा वर्षं झोपल्या आणि तिथेच, झोपेतच गेल्या. त्यांचं नाताळचं कार्ड दरवर्षी यायचं, पाकिटावर 'कुंदा आणि तिची आई' असं लिहिलेलं. आई सत्त्याण्णव साली वारली. त्यानंतरही त्यांनी तसंच लिहिलं, कारण ती गेल्याचं मी त्यांना कळवलं नव्हतं. तो अहवाल मात्र मला फार पावला. मातीच्या सारवणावरून भिंतींचं वय काढणारी बाई म्हणून माझं नाव झालं. तीन ठिकाणी व्याख्यानं दिली. प्रत्येक ठिकाणी लोकांनी विचारलं, हे कुठे शिकलात? प्रत्येक ठिकाणी मी म्हणाले, कामातून.

निवृत्त झाल्यावरही ऑफिस अधूनमधून माझ्याकडे अहवाल तपासायला पाठवतं. दोन हजार एकोणीसच्या मार्चमध्ये नेदरकोट विकायला निघालं आणि त्याच्या नव्या पाहणीचा अहवाल आला. ओवेन नावाच्या तरुणाने केलेला, अतिशय काळजीपूर्वक. चौदाव्या पानावर एक फोटो होता. तिरका प्रकाश टाकून काढलेला. दुधाच्या खोलीच्या दारावरचा पट्टा. कमानीला लागून कमान, चार बोटांच्या रेघा, त्यातली एक आखूड.

खाली लिहिलं होतं, 'मूळ सारवण, अंदाजे १५८०. घर बांधणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी हाताच्या खुणा. उजव्या हाताचं एक बोट अपुरं. बहुधा स्थानिक मजूर. अत्यंत दुर्मीळ. या भागाला कोणत्याही परिस्थितीत हात लावू नये.'

आधी मला हसू आलं. माझी आई मुरबाडहून येऊन चारशे वर्षांची झाली होती, इंग्रज झाली होती, वर पुरुषही. मग मी त्या फोटोवर बोट ठेवलं आणि खूप रडले.

चार दिवस मी उत्तर पाठवलं नाही. गप्प बसले असते तर आईचा हात त्या देशाच्या कायद्याने जपला असता. माझ्या पश्चातही कुणी त्याला धक्का लावू शकलं नसतं. खरं सांगितलं तर तो एक्क्याण्णव सालचा साधा गिलावा ठरणार होता. पाचव्या दिवशी मी ओवेनला फोन केला आणि सगळं सांगितलं. शेण कुणी निवडलं, पेंढा कुणी कापला, आणि 'हेल्पर' कोण म्हणालं, तेही.

तो म्हणाला, "मॅडम, मग त्या पट्ट्याला संरक्षण राहणार नाही. नवा मालक तो उद्या खरवडून टाकेल."

"टाकू दे. कुड दर दोन-चार वर्षांनी नव्याने सारवायचाच असतो. तू जुन्या फाइलला दुरुस्ती जोड."

"कुणाचं नाव घालू?"

"चांगुणा बाळू भोईर."

"आणि कोण म्हणून? मजूर? मदतनीस?"

"तपासणी करणारीची आई," मी म्हणाले. "आणि असंही लिही की ते दार तिने शोधलं. मी तिथे होते, पण मला ते दिसलं नव्हतं."

"एवढं त्या रकान्यात मावणार नाही."

"माववून लिही."

"बरं," ओवेन म्हणाला, म्हणजे त्याच्या भाषेत जे म्हणतात ते.

माझा त्या शब्दावर जन्मात विश्वास बसलेला नाही. आठवड्याने मी ऑफिसात गेले, सुधारलेली फाइल मागून घेतली आणि चष्मा लावून ते पान पाहिलं. नेदरकोट, १६ मे १९९१. पाहणीच्या वेळी उपस्थित: हॅलम, प्रीस, भोईर, भोईर.